सड्यावरची डबकी आणि पीएच.डी.चा अर्ज

वनस्पतिशास्त्रात एम.एस्सी. झाल्यावर दीड वर्ष मी एका पर्यावरण सल्लागार कंपनीत नोकरी केली. प्रकल्पांसाठी पर्यावरण आघात मूल्यांकनाचे अहवाल तयार करणे हे तिथले काम होते आणि त्यातल्या वनस्पती व प्राणी या प्रकरणाचा कच्चा मसुदा लिहिण्याची जबाबदारी माझ्याकडे होती. २०२३ च्या एप्रिलमध्ये अशाच एका कामासाठी मी रत्नागिरी जिल्ह्यातल्या एका सड्यावर गेले. सडा म्हणजे कोकणातल्या डोंगराचा जांभ्या दगडाचा सपाट माथा. आमच्याकडे त्याला कातळ असेही म्हणतात. एप्रिलमध्ये हा कातळ तापून काळा पडलेला असतो, गवत गुरांनी खाल्लेले किंवा वणव्यात जळालेले असते आणि चार-दोन करवंदीच्या जाळ्या सोडल्या तर नोंदवावे असे काही डोळ्यांना दिसत नाही. आम्ही जे दिसले ते नोंदवले आणि जमिनीचे वर्णन ‘ओसाड, खडकाळ’ असे गेले. तो मसुदा माझ्या हातचा होता.

त्या सड्यापासून माझे गाव दहा-बारा किलोमीटरवर आहे. मृगाचा पाऊस लागला की तिथल्या कातळाच्या खळग्यांत पाणी साठते आणि आठवड्याभरात त्या पाण्याच्या कडेने बारीक हिरवी रोपे उठतात, हे मी लहानपणापासून पाहत आले आहे. आधी कोकण दिपकाडीची पांढरी फुले येतात, मग श्रावण-भाद्रपदात गेंदांचे पांढरे ठिपके आणि सीतेच्या आसवांची जांभळी-निळी नक्षी पसरते, आणि ज्या जागी मातीचा थर बोटभरही नसतो तिथे दवबिंदू नावाची कीटकभक्षी वनस्पती आपले चिकट केस पसरून बसलेली असते. ऑक्टोबरअखेर हे सगळे वाळून जाते. मूल्यांकनासाठी साधारणपणे पावसाळा वगळून एका हंगामाची पायाभूत माहिती पुरेशी धरली जाते. सड्याचे जगणे मात्र नेमके त्या वगळलेल्या चार महिन्यांत सामावलेले असते. त्यामुळे ते कागदावर कधी येतच नाही. सातबाऱ्यावरही त्या जमिनीसमोर ‘पोटखराबा’ एवढाच शब्द असतो. कासच्या पठाराला २०१२ मध्ये पश्चिम घाटातील जागतिक वारसास्थळांत स्थान मिळाले आणि लोक तिथे फुले पाहायला जातात, पण रत्नागिरी-सिंधुदुर्गातल्या खालच्या उंचीच्या सड्यांवर सुरुंग लावून आंब्याच्या कलमांसाठी खड्डे पाडले जातात, चिरेखाणी निघतात, आणि त्याने तिथल्या पाण्याचे व वनस्पतींचे काय होते हे सांगायला पुरेशा नोंदी नसतात. मला पीएच.डी. करायची ती यासाठी. हे कारण इतके सविस्तर लिहिण्याचे कारण असे, की पुढच्या दीड वर्षात प्रत्येक अर्जात आणि प्रत्येक मुलाखतीत मला तेच पुन्हा पुन्हा, आणि दर वेळी अधिक नेमकेपणाने, सांगावे लागले.

सुरुवातीला मला एक साधी गोष्ट माहीत नव्हती. विद्यावेतन मिळवणे आणि पीएच.डी.ला प्रवेश मिळवणे या दोन वेगळ्या प्रक्रिया आहेत, त्यांची वेळापत्रके वेगळी आहेत आणि एकीत यश आले म्हणून दुसरीत येईल असे नाही. नेट या राष्ट्रीय पात्रता परीक्षेतून कनिष्ठ संशोधन अधिछात्रवृत्ती, म्हणजे सगळे जिला जेआरएफ म्हणतात ती, मिळाली तरी ती वापरण्यासाठी कुठल्यातरी मान्यताप्राप्त संस्थेत जागा आणि मार्गदर्शक मिळावा लागतो. उलट विद्यापीठाची पेट ही पीएच.डी.ची प्रवेशपरीक्षा उत्तीर्ण होऊन प्रवेश मिळाला तरी विद्यावेतन मिळेलच असे नसते, आणि मग कित्येक जण तासिका तत्त्वावर शिकवत, घरखर्च सांभाळत संशोधन ओढत नेतात. परिस्थितिकीत, म्हणजे सजीव आणि त्यांचा परिसर यांच्या नात्याच्या अभ्यासात, हे आणखी जड जाते, कारण आमचा प्रयोग प्रयोगशाळेत नसतो. पावसाळ्यातले चार महिने गावात राहायचे, गाडीचे पेट्रोल घालायचे, मदतनिसाला रोज द्यायचा, आणि हे सगळे नोकरी सांभाळून होत नाही. विद्यावेतन हे माझ्यासाठी मानाचे नव्हते, ते चार पावसाळ्यांची मोकळीक विकत घेण्याचे साधन होते.

वाटा बऱ्याच आहेत. सीएसआयआर-यूजीसी नेटचा जीवविज्ञानाचा पेपर, यूजीसी नेटचा पर्यावरणशास्त्राचा पेपर, गेट या दुसऱ्या राष्ट्रीय परीक्षेतला परिस्थितिकी व उत्क्रांती हा स्वतंत्र पेपर. मग संशोधन संस्थांचे थेट प्रवेश: बंगळूरची एनसीबीएस आणि भारतीय विज्ञान संस्थेतले परिस्थितिकी विज्ञान केंद्र, डेहराडूनची भारतीय वन्यजीव संस्था, बंगळूरचीच अत्री, पुण्याची आयसर आणि आघारकर संशोधन संस्था, गोव्याची राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्था. महाराष्ट्रात बार्टी, सारथी आणि महाज्योती या राज्य सरकारच्या संस्थांच्या संशोधन अधिछात्रवृत्त्या. विद्यापीठात विषयात पहिले आलेल्यांसाठी केंद्राची इन्स्पायर अधिछात्रवृत्ती. आणि एखाद्या मंजूर प्रकल्पात प्रोजेक्ट फेलो म्हणून शिरून नंतर पीएच.डी.ची नोंदणी करणे हाही एक मार्ग. मी या सगळ्यांचा तक्ता करून भिंतीवर लावला होता. पण हे सर्व एकाच वेळी करू पाहणारी माणसे कशातच नीट उतरत नाहीत असे माझे मत झाले आहे, आणि म्हणून मी सीएसआयआर-यूजीसी नेट आणि दोन संस्थांचे थेट अर्ज एवढेच धरले.

जीवविज्ञानाच्या पेपरची रचना परिस्थितिकीवाल्यांना पहिल्या नजरेत परकी वाटते. अभ्यासक्रमाचे तेरा घटक आहेत आणि त्यांत परिस्थितिकी हा दहावा, उत्क्रांती व वर्तन हा अकरावा. बाकी रेणू, पेशी, जनुके, शरीरक्रिया यांचे राज्य. तीन तासांत २०० गुण असतात. ‘अ’ भागात २० पैकी १५ प्रश्न, ‘ब’ भागात ५० पैकी ३५ आणि ‘क’ भागात ७५ पैकी २५ सोडवायचे. ‘क’ भागातला प्रत्येक प्रश्न चार गुणांचा आणि चुकल्यास त्याच्या पाव हिस्सा, म्हणजे एक गुण वजा. सगळा खेळ या पंच्याहत्तरांतून आपले पंचवीस निवडण्यात आहे. पहिल्या वेळी, म्हणजे डिसेंबर २०२३ मध्ये, मी ही निवड केलीच नाही. प्रश्न ज्या क्रमाने आले त्या क्रमाने सोडवत गेले, पेशींतर्गत संदेशवहनाच्या प्रश्नांत वेळ घालवला आणि परिस्थितिकीच्या शेवटच्या प्रश्नांपर्यंत पोचले तेव्हा अकरा मिनिटे उरली होती. सहायक प्राध्यापकपदासाठी पात्र ठरले, जेआरएफ हुकली.

नोकरी मी जानेवारीत सोडली. बाबांनी एकच विचारले, की हे शिकून झाल्यावर कातळाचे काय होणार. मी म्हटले, निदान काय होते आहे ते तरी लिहिले जाईल. त्यांची स्वतःची साठ कलमे कातळावर आहेत. पंचवीस वर्षांपूर्वी सुरुंगाने खड्डे घेऊन, खालून डोक्यावरून माती आणून ती लावली, आणि माझे शिक्षण त्यावर झाले. म्हणून बागायतदार दोषी आहे असे गृहीत धरून लिहिलेला संशोधन आराखडा मला कधीच लिहिता आला नसता आणि लिहायचाही नव्हता.

मार्च २०२४ मध्ये नियम बदलले. नेटचा निकाल आता तीन गटांत लागू लागला: जेआरएफसह सर्व पात्रता, सहायक प्राध्यापकपद व पीएच.डी. प्रवेश, आणि केवळ पीएच.डी. प्रवेश. दुसऱ्या व तिसऱ्या गटातल्या उमेदवारांच्या प्रवेशात नेटच्या गुणांना ७० टक्के आणि मुलाखतीला ३० टक्के भार, आणि ते गुण एक वर्ष ग्राह्य. अर्ज भरणाऱ्याने हे नीट वाचून ठेवावे, कारण तुम्ही कोणत्या गटात आहात त्यावर प्रवेशाच्या वेळी तुमचे काय मोजले जाणार हे ठरते.

या वेळी मी अभ्यास वेगळ्या रीतीने केला. दहावा आणि अकरावा घटक, वनस्पतींची शरीरक्रिया, जैवविविधता आणि तेराव्या घटकातली संख्याशास्त्राची भर एवढ्यांवर ‘क’ भागाचे पंचवीस प्रश्न निघतील असे मागच्या प्रश्नपत्रिकांवरून दिसत होते. लोकसंख्यावाढीचे समीकरण, जीवनसारणी, शॅनन निर्देशांक, बेटांच्या जैवभूगोलाचा सिद्धांत, हॅमिल्टनचा नियम हे सगळे मी पाठ करण्याऐवजी सड्याला लावून पाहू लागले. एका सड्यावरचे प्रत्येक डबके हे एक बेट धरले तर लहान आणि दूरच्या डबक्यात जाती कमी असायला हव्यात, असतात का? हा प्रश्न वहीत लिहिला तेव्हा मला कळले, की याचे उत्तर मला माहीत नाही आणि ते शोधायला फूटपट्टी पुरेल.

परीक्षा २५ जूनपासून होती. सुरू होण्याच्या चार दिवस आधी ती पुढे ढकलली गेली आणि २५ ते २७ जुलै या तारखा आल्या. माझ्याबरोबरच्या अनेकांना तो महिना फार जड गेला. खोलीचे भाडे, खानावळीचा डबा, घरून येणारे फोन. मी सामान बांधून गावी गेले, कारण पुण्यात राहणे परवडत नव्हते, आणि दिवसातले दोन तास सड्यावर जायचे ठरवले.

त्या सव्वीस दिवसांनी माझा आराखडा घडवला, म्हणून त्यांच्याविषयी जरा थांबून लिहिते. मी दोन सडे निवडले, एक मोकळा आणि एक बागांनी तुकडे पडलेला, आणि प्रत्येकावर सहा डबकी. तीस सेंटिमीटरची स्टीलची फूटपट्टी, दोरी, पुठ्ठ्याला प्लॅस्टिक लावलेली वही आणि पंचवीस सेंटिमीटर बाजूची एक लाकडी चौकट, एवढे साहित्य. पहिल्या आठवड्याच्या नोंदी मला सोडून द्याव्या लागल्या, कारण रोज मी वेगवेगळ्या जागी फूटपट्टी टेकवत होते आणि जांभ्याचा तळ इतका खाचखळग्यांचा असतो की वीतभर अंतरावर खोली दुप्पट होते. मग बाबांकडचा लाल ऑइलपेंट घेऊन प्रत्येक डबक्याच्या सर्वांत खोल जागी, पाणी उपसून व दगड पुसून, एक टिंब रंगवले. दुसऱ्या आठवड्यात वेगळी अडचण आली: पाऊस इतका लागून होता की सगळी डबकी काठोकाठ भरून वाहत होती, रोजचा आकडा तोच, आणि मला वाटू लागले की यातून काही निघणार नाही. आजी पडवीतून विचारायची, “काय गो बाय, पाणी तेवढाच हाय ना? मग रोज काय मोजतस?” तिचा प्रश्न योग्य होता.

उत्तर मिळाले ते उघडीप पडल्यावर. चार दिवस ऊन पडले आणि बारापैकी पाच डबकी पूर्ण कोरडी झाली. तळाशी गेंदाची कोवळी रोपे चिखलाला चिकटून पडली, बेडकाची पिल्ले शेवटच्या तळहाताएवढ्या पाण्यात दाटीवाटीने हलत होती. पाचव्या दिवशी पुन्हा पाऊस आला, डबकी भरली. जी रोपे त्या चार दिवसांत तगली ती उभी राहिली, बाकीची गेली. डबके किती खोल आहे यापेक्षा ते एका पावसाळ्यात किती वेळा आटते आणि किती दिवस कोरडे राहते याने तिथे कोण राहणार हे ठरत असावे. आणि बाग करताना कातळ फोडला, गडगे घातले, भरावाची माती वाहून आली, तर बदलणार ते हेच: पाण्याचे येणे आणि जाणे. माझा प्रश्न ‘सड्यांवरील जैवविविधतेवर मानवी हस्तक्षेपाचा परिणाम’ इथून सुरू झाला होता आणि तो ‘बागेजवळची डबकी मोकळ्या कातळावरच्या डबक्यांपेक्षा अधिक वेळा आटतात का, आणि त्याने त्यांतल्या वनस्पती बदलतात का’ इथे येऊन थांबला. पहिल्या वाक्यात काहीही बसते. दुसऱ्यासाठी काय मोजायचे ते वाचणाऱ्याला लगेच समजते.

परीक्षा पुण्यात दिली. या वेळी ‘क’ भाग आधी पूर्ण वाचून काढला, खुणा केल्या आणि मगच सोडवायला घेतला. निकाल लागला तेव्हा पावसाळा सरत आला होता. जेआरएफ मिळाली होती.

यापुढचा कागदपत्रांचा भाग थोडक्यात सांगते, फक्त एक गोष्ट सोडून. माझ्याकडे इतर मागासवर्गाचा दाखला आणि नॉन-क्रिमिलेअर होते, पण ते राज्याच्या नमुन्यातले. केंद्राच्या परीक्षांना व संस्थांना केंद्राच्या नमुन्यातला दाखला लागतो, त्याचा मजकूर वेगळा असतो आणि त्या आर्थिक वर्षात काढलेला असणे अपेक्षित असते. हे मला मूळ कागद तपासणीच्या पत्रात वाचून कळले. तालुक्याच्या ठिकाणी चार फेऱ्या झाल्या, एकदा तर नमुनाच चुकीचा छापून मिळाला, आणि मुदतीच्या दोन दिवस आधी तो हाती आला. ज्यांना हे लागू आहे त्यांनी परीक्षेचा अर्ज भरण्याआधीच तो काढून ठेवावा.

आता मार्गदर्शक. मी ज्यांच्याकडे काम करू इच्छित होते अशा तेवीस जणांना ईमेल लिहिल्या आणि सहा उत्तरे आली. पहिल्या दहा ईमेलमध्ये मी स्वतःची ओळख, गुण, आवड आणि निसर्गप्रेम लिहिले होते; त्यांतल्या एकाचेही उत्तर आले नाही आणि आज ती पत्रे वाचताना त्याचे कारण मला स्पष्ट दिसते. त्यांत उत्तर देण्याजोगे काही नव्हते. पुढच्या तेरा ईमेलमध्ये मी सव्वीस दिवसांच्या नोंदींचा एक आलेख जोडला आणि ज्यांना लिहीत होते त्यांच्या एखाद्या शोधनिबंधातल्या पद्धतीविषयी एक खराखुरा प्रश्न विचारला. सहाही उत्तरे याच तेरांतून आली. एका सरांनी आपुलकीने लिहिले की निवृत्तीला तीन वर्षांहून कमी काळ उरल्याने नियमाप्रमाणे ते नवा विद्यार्थी घेऊ शकत नाहीत, पण डबक्यांच्या आटण्याविषयी काय वाचावे याची यादी त्यांनी पाठवली. दोघांकडे जागा शिल्लक नव्हती. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या (यूजीसी) २०२२ च्या नियमांनुसार प्राध्यापकाला एका वेळी आठ, सहयोगी प्राध्यापकाला सहा आणि सहायक प्राध्यापकाला चारच पीएच.डी. विद्यार्थी घेता येतात. पाच-सहा महिने एखाद्याची वाट पाहत बसण्यापेक्षा पहिल्याच पत्रात ‘आपल्याकडे येत्या सत्रात जागा आहे का’ असे सरळ विचारावे. त्यात उद्धटपणा काही नाही.

पहिली मुलाखत महाराष्ट्राबाहेरच्या एका संस्थेत झाली. समोर पाच जण होते. पहिला अर्धा तास चांगला गेला. एका मॅडमनी फळ्यावर लोकसंख्यावाढीचे समीकरण लिहायला सांगितले, मग त्यातला ‘के’, म्हणजे ती जागा जास्तीत जास्त किती जीव पोसू शकते तो आकडा, दर आठवड्याला बदलत असेल तर काय होईल ते विचारले, आणि आटणाऱ्या डबक्यांमुळे मला त्याचे उत्तर देता आले. मग मी माझा आलेख दाखवला. बागेच्या सड्यावरची डबकी अधिक वेळा आटली होती. शेवटच्या खुर्चीवरच्या एका सरांनी विचारले की तुमचे नमुने किती. मी म्हटले, बारा डबकी. ते म्हणाले, की डबकी बारा असतील, पण बागेचा सडा एकच आहे आणि मोकळा सडाही एकच. तेव्हा हा फरक बागेमुळे पडला की तो सडा मुळातच वेगळा आहे म्हणून, हे तुम्ही कशावरून ठरवणार? मी गप्प झाले. स्टुअर्ट हर्लबर्ट यांनी १९८४ मध्ये नेमक्या याच चुकीवर लिहिलेला प्रसिद्ध निबंध मी परीक्षेसाठी वाचला होता, त्यावरचे बहुपर्यायी प्रश्न बरोबर सोडवले होते, आणि तीच चूक माझ्या स्वतःच्या आलेखात मला दिसली नव्हती. त्या संस्थेत माझी निवड झाली नाही.

परतीच्या गाडीत मी वही काढली. रात्रभराच्या प्रवासात जे सुचले ते असे, की मोकळा सडा एकीकडे आणि बागेचा सडा दुसरीकडे अशी तुलना करायचीच नाही. कोकणात असे अनेक सडे आहेत ज्यांचा एक भाग फोडून बाग केलेली आहे आणि उरलेला भाग अजून तसाच आहे. प्रत्येक सड्यावर दोन्ही भागांतली डबकी मोजायची आणि सड्याची तुलना त्याच्या स्वतःशीच करायची. मग पाऊस, उंची, जांभ्याचा पोत, गुरांची चराई हे दोन्ही बाजूंना जवळपास सारखे येते, आणि नमुना म्हणजे डबके न राहता सडा होतो. घरी आल्यावर बाबांबरोबर बसून आसपासच्या सड्यांची यादी केली. ते एकेक नाव सांगत गेले, कुठे कोणाची बाग, कुठे खाण, कुठे कातळशिल्पे आहेत म्हणून सध्या कोणी हात लावत नाही. चौदा सडे निघाले.

नव्या आराखड्यात मी आणखी दोन गोष्टी घातल्या, ज्या पहिल्यात नव्हत्या. पहिली, रोज कोण मोजणार याचे उत्तर. चौदा सड्यांवर रोज जाणे एका माणसाला शक्य नाही. म्हणून डबक्याच्या तळाशी बटणाएवढे तापमान-नोंदक ठेवायचे, जे तासातासाला नोंद घेतात. पाणी असताना तळाचे तापमान दिवसभरात फार हलत नाही आणि डबके कोरडे पडून ऊन लागले की ते झपाट्याने चढते, त्यावरून आटल्याचा दिवस ओळखता येतो. ढगाळ दिवसांत ही खूण पुसट होते, म्हणून आठवड्यातून एक प्रत्यक्ष फेरी. दुसरी गोष्ट परवानगीची. सडे राखीव जंगलात नाहीत, त्यामुळे वनखात्याचा प्रश्न बहुतेक ठिकाणी येत नाही, पण जमीन सामायिक असते. एका सातबाऱ्यावर पंधरा-वीस नावे आणि त्यांतली निम्मी मुंबईला. मी पाच सड्यांच्या खातेदारांची संमती अर्जाबरोबरच जोडली. त्यासाठी डोंबिवली आणि नालासोपाऱ्याला चार रविवार गेले.

दुसरी मुलाखत पुण्यात, नोव्हेंबरमध्ये झाली. तिथे मला तीन प्रश्न विचारले गेले जे मी प्रत्येक अर्जदाराला आधीच स्वतःला विचारायला सांगेन. कासच्या पठारावर इतके काम झालेले असताना खालचे सडे का? फरक काहीच आढळला नाही तर प्रबंधात काय लिहाल? आणि बागायतदार तुमच्या निष्कर्षाने दुखावले तर? पहिल्याचे उत्तर मी एप्रिलच्या त्या अहवालाने दिले. दुसऱ्याला म्हणाले, की बागेजवळची डबकी मोकळ्या कातळासारखीच वागतात असे चौदा सड्यांवर दिसले, तर ती बागायतदारांसाठी आणि सड्यासाठीही चांगली बातमी आहे आणि मी ती तशीच लिहीन. तिसऱ्याला मी बाबांच्या साठ कलमांविषयी सांगितले. त्यांना हा अभ्यास वाचून दाखवता आला नाही तर तो मी नीट लिहिलेला नाही असे मी समजेन. पंधरा दिवसांनी निवडीचे पत्र आले.

जानेवारी २०२५ मध्ये रुजू झाले. पहिली दोन वर्षे महिना ३७,००० रुपये, मग समितीच्या मूल्यमापनानंतर ४२,०००, एकूण जास्तीत जास्त पाच वर्षे. शिवाय घरभाडे आणि वर्षाला २०,००० रुपये आकस्मिक खर्चासाठी. तापमान-नोंदक या रकमेत बसत नाहीत हे पहिल्याच महिन्यात हिशेब करताना दिसले, ते मार्गदर्शक मॅडमच्या प्रकल्पातून मिळाले. रुजू झाल्यापासून पहिले विद्यावेतन खात्यावर येईपर्यंत काही महिने काढता येतील एवढी सोय हाताशी असावी. मी नोकरीतली शिल्लक त्यासाठीच राखली होती. सहामाही कोर्सवर्कमध्ये संशोधन पद्धती, संशोधन व प्रकाशन नीतिमत्ता आणि संख्याशास्त्र होते. संशोधन सल्लागार समितीच्या पहिल्या बैठकीत चौदाचे नऊ सडे झाले. मला वाईट वाटले, पण नऊ सडे पाच वर्षे नीट मोजणे चौदा सडे दोन वर्षांत अर्धवट सोडण्यापेक्षा बरे, हे समितीचे म्हणणे मी मान्य केले.

आमच्या योजनेप्रमाणे नोंदक बसवण्याचे काम जूनच्या पहिल्या आठवड्यात होते, कारण कोर्सवर्कची परीक्षा मे अखेरीस होती. २०२५ चा मान्सून २४ मे रोजीच केरळात पोचला आणि दुसऱ्या दिवशी कोकणात आला. मी पुण्यात परीक्षेच्या टेबलापाशी होते आणि सड्यावरची डबकी भरत होती. पहिल्या भरण्याची आणि पहिल्या आटण्याची नोंद हातची जाणार हे उघड होते. रात्री घरी फोन केला. बाबा म्हणाले, की तुझी लाल टिंबे गेल्या वर्षीची अजून आहेत, तिसऱ्या आणि सातव्या डबक्यातली तेवढी पुसली होती ती मी काल पुन्हा रंगवली, फूटपट्टी तुझीच वापरली, आणि सकाळी सात आणि संध्याकाळी सहाचे आकडे लिहून ठेवले आहेत. कुठल्या वहीत उतरवू ते सांग.